हँडबिलावरचं नाव

श्यामराव निंबार्ते जवाहरनगरला सरकारी कारखान्याच्या वसाहतीत राहत आणि त्यांच्या घरी कुणी कविता घेऊन जात नसे. लोक चहाला जात, हळदीकुंकवाला जात, सत्यनारायणाच्या प्रसादाला तर झुंडीनं जात. पण पिशवीत कवितेची वही असली तर दोन क्वार्टर आधीच वळत. असा त्यांचा धाक. दिवसा कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क, आणि रविवारी भंडाऱ्याच्या 'वैनतीर' साप्ताहिकात 'पाहिलं, वाचलं' या सदराचे धनी. १९७१ साली सदर सुरू झालं तेव्हा सरकारी नोकर म्हणून त्यांनी साहेबाकडून लेखी परवानगी घेतली आणि तो कागद फ्रेम करून देवघराशेजारी टांगला. मंगलाबाई, त्यांची बायको, उदबत्ती ओवाळताना त्या फ्रेमवरूनही एक फेरा फिरवायच्या. नवऱ्याला चिडवायला, दुसरं काय.

माणूस मात्र सरळ. उगाच नावं ठेवायची खोड नव्हती त्यांना. बाकीचे परीक्षणकार पुस्तकाचं मागचं पान वाचून लिहीत आणि नाटकाचा पहिला अंक पाहून घरी जाऊन झोपत. श्यामरावांचा नेम असा, की न वाचता पान उलटायचं नाही आणि न पाहता ओळ लिहायची नाही. सदराच्या डोक्यावर दर आठवड्याला छापलेलं असे : 'जे पाहिलं तेच लिहिलं.' तुमसरचे एक हेडमास्तर आपला कवितासंग्रह आणि सोबत वीस किलो चिन्नोर तांदूळ घेऊन आले, तेव्हा श्यामरावांनी संग्रह ठेवून घेतला आणि पोतं परत एसटीच्या टपावर चढवून दिलं. संग्रह त्यांनी वाचला आणि झोडपला. मंगलाबाईंना कवितांचं काही नव्हतं, पण त्या चिन्नोरचा वास त्यांच्या नाकातून पुढं कितीतरी वर्षं गेला नाही.

आणखी एक नेम होता. ज्याच्यावर टीका केली त्याच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही. नटांची, कवींची पत्रं येत : त्या दिवशी ताप होता, माइक बिघडला होता, प्रेसवाल्यानं चुका केल्या. श्यामराव पहिली ओळ वाचत आणि कार्ड हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवत. दीड हजार पुस्तकं होती घरात. एकही पुस्तक असं नव्हतं की ज्यातून कुणाचं तरी गाऱ्हाणं डोकावत नव्हतं.

झाडीपट्टीत, म्हणजे या भाताच्या मुलखात, धान घरात आलं की नाटकं सुरू होतात, हे काही सांगायला नको. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि मग रात्री नाटक. बारा गावचे लोक बंड्या जुंपून येतात. श्यामराव थंडीत मफलर बांधून अशा गावांना एसटीनं जात, मंडळाच्या सचिवाकडून हँडबिल घेत, पुढच्या खुर्चीवर बसत आणि त्याच हँडबिलाच्या पाठीवर टिपणं काढत. शेवटचा पडदा पडेपर्यंत हलत नसत.

असंच १९७५ च्या जानेवारीत लाखांदूरकडच्या दिघोरीला ते गेले. तीन अंकी सामाजिक नाटक होतं. नायिकेसाठी नागपूरहून बाई आणलेली, पण आईचं काम गावातलाच गडी करायचा, तशी रीत होती. हँडबिलावर छापलं होतं : आई – धनीराम कुथे. या धनीरामची आई म्हणजे चार तालुक्यांत नाव. बायका म्हणत, त्याचा पदर डोळ्याला लागायच्या आधी आपला लागते. श्यामरावांनी फार ऐकलं होतं आणि फार अपेक्षेनं बसले होते. जे दिसलं त्यानं त्यांचं डोकं फिरलं. त्या आठवड्याच्या सदरात एक वाक्य पडलं, आणि ते वाक्य जिल्हाभर गेलं :

'धनीराम कुथे यांनी उभी केलेली आई पाहून वाटलं, की आईची माया म्हणजे काय ते या गृहस्थांना ठाऊकच नसावं.'

पानठेल्यावर लोक हे वाक्य म्हणून दाखवत. 'वैनतीर'चे मालक-संपादक भैय्याजी लांजेवार टाळी देऊन म्हणाले, "निंबार्ते, एका वाक्यात माणूस आडवा केला तुमी." श्यामरावांनाही ते वाक्य पाठ होतं. बाकी त्या परीक्षणात काय लिहिलं होतं ते त्यांना महिन्याभरात आठवेना, कारण कात्रणं ठेवायची त्यांची सवय नव्हती. लिहिलं की संपलं. धनीराम कुथेचं नाव त्यानंतर कुठल्या हँडबिलावर दिसलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, माणसाला समजलं.

आता नऊ वर्षं पुढं या. १९८४ चा जानेवारी. दिघोरीच्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सत्कार ठरला, आणि सत्कारमूर्ती कोण, तर श्यामराव. मंडळाचे सचिव देवाजी स्वतः जवाहरनगरला येऊन आमंत्रण देऊन गेले. श्यामरावांना आतून फार बरं वाटलं. ज्या गावाला आपण झोडपलं ते गाव शाल द्यायला बोलावतं, म्हणजे आपण खरं लिहितो हे लोकांना पटलं, असा त्यांनी अर्थ लावला. मंगलाबाईंनी कोटाला इस्त्री करून दिली.

दुपारी देवाजीच्या आंगणात जेवणं झाली. सतरंजीवर आठदहा जण बसले होते. देवाजी एकेकाची ओळख करून देत होते. एक पिकल्या केसांचा, बुटका माणूस सुपारीचं तबक घेऊन उठला आणि डावा पाय ओढत श्यामरावांपाशी आला.

"हे आमचे इश्वर," देवाजी म्हणाले. "पंचवीस वर्सं झाली, पडद्यामागून संवाद सांगतेत. साऱ्याइचं सारं पाठ. जनमात एकदाच पडद्यापुढं आले, अन् नेमके तुमी होते त्या दिवशी."

सगळे हसले. इश्वरही लाजून हसला.

"मी होतो? कधी?" श्यामरावांनी सुपारी उचलता उचलता विचारलं.

"पंच्याहत्तरले. आईचं काम केलं ना यानं. धनीरामच्या जागी."

श्यामरावांच्या हातातली सुपारी तबकात परत पडली. त्यांना आधी वाटलं, आपली थट्टा चालली आहे. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टा नव्हती. सगळे अगदी साधेपणानं पाहत होते.

"धनीराम कुथे त्या दिवशी नव्हता?"

"कसा राहीन जी? त्याच दिवशी सांजच्याले त्याची माय पडली. चंद्रभागाबाई. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. जीपमंदी घालून साकोलीच्या दवाखान्यात नेली त्यानं. पहाटे गेली बिचारी. इकडं बारा गावचा मानूस येऊन बसला होता, नाटक बंद कसं करावं? इश्वरले पाठ होतं, त्याले पावडर लावली अन् लुगडं नेसवलं."

"मग सांगितलं का नाही? माइकवरून सांगायला नको?"

देवाजी खरंच बुचकळ्यात पडले. "कोनाले सांगाचं, सायेब? सारे तं वळखतेत. आलेल्या गावाइतलेबी सारे इश्वरले वळखत. पावडरीतबी वळखते मानूस आपल्या मानसाले."

आता बोला. चार हजार माणसं बसली होती त्या मांडवात आणि त्यातल्या एकाच माणसाला ठाऊक नव्हतं की समोर कोण उभं आहे. तो माणूस पहिल्या खुर्चीवर बसला होता आणि पेपरात लिहीत होता.  मग श्यामरावांना ते वाक्य आठवलं. आईची माया म्हणजे काय ते ठाऊकच नसावं. आई मेल्याच्या आठव्या दिवशी छापलेलं. 

"त्यानं माझं लिहिलेलं वाचलं?"

"एकच अंक आला होता, मीच नेऊन देल्ला त्याले, न पाहता. म्हनलं नाव आलं असन, दुखात जरा बरं वाटन. त्यानं दोन ओळी वाचल्या अन् चुलीत घातला. मंग लोकाइच्या तोंडून समजलं आमाले." देवाजींनी तबक पुढं सरकवलं. "आता जाऊ द्या जी. नऊ वर्सं झाली. आमी मनात नाही ठेवलं."

शाल अंगावर पडायची होती संध्याकाळी. श्यामराव तसेच उठले आणि धनीराम कुथे कुठं राहतो ते विचारत निघाले.

धनीराम खळ्यावर होता. पन्नाशीचा, सडपातळ, लांब बोटांचा माणूस. तणसीचा, म्हणजे भाताच्या काडाचा, ढीग रचत होता. श्यामरावांनी नाव सांगितलं तसे त्याचे हात थांबले. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकून खाली अंथरला आणि बसा म्हणाला. श्यामरावांना वाटलं होतं, हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला माहीत नव्हतं," श्यामराव म्हणाले.

"मी कार्ड टाकलं होतं तुमाले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी."

श्यामरावांना काहीच आठवेना. आणि आठवेना म्हणून जास्तच भीती वाटली.

"नाटकाचं काय नाही, सायेब," धनीराम म्हणाला. "नाटक सुटलं तं सुटलं. पन माही एकच बहीण आहे. रत्नाबाई. आंबागडले देल्ली आहे, तिकडं तुमसरकडं. माय गेली तं तिले निरोप उशिरा भेटला. येईपर्यंत आमी माती देऊन चुकलो होतो. तोंड नाही पाह्यलं तिनं मायचं. मी तिले सांगतलं, मी मायपाशीच होतो, तिचा हात माह्या हातात होता, डोळ्यानं तुलेच शोधत होती. ते आयकून लय रडली. जरा समाधान वाटलं तिले. अन् मंग आमच्या जवायानं, तिच्या नवऱ्यानं, तुमसरच्या बजारातून पेपर आनला."

पुढचं श्यामरावांना सांगायला नको होतं, पण धनीरामनं सांगितलं. रत्नाबाई तेरवीला भर पंगतीत उठली. पेपरात छापलं आहे म्हणाली. माय तिकडं एकटी मरत होती आणि तू इकडं लुगडं नेसून नाचत होता, आणि वरून मले खोटं सांगतोस. सारं गाव तिला समजवायला गेलं. तिनं एकाचं ऐकलं नाही.

"म्हने, गाववाले तुह्या मंडळाचेच. तुह्याच बाजूनं बोलतीन. तो पेपरवाला भंडाऱ्याचा, त्याचं तुह्याशी काय वाकडं? तो काहून खोटं लिवन? त्यानं तं वरतं छापलंच आहे का जे पाह्यलं तेच लिवलं." धनीरामनं तणसीची एक काडी मोडली. "नऊ भाऊबीजा झाल्या. मी दरसाल आंबागडले जातो. ती कवाड लावून घेते. तुमी लिवलं त्यानं गेली. तुमी लिवलं तं येईन काय?"

श्यामरावांनी सत्कार घेतला नाही. कोट हातावर टाकून ते संध्याकाळच्या एसटीनं परत आले आणि आल्या आल्या कपाटं उपसायला लागले. मंगलाबाईंना वाटलं, माणसाला वेड लागलं. पण सगळं ऐकल्यावर त्याही पदर खोचून बसल्या. दोन दिवस नवरा-बायको पुस्तकं झटकत होते. तिसऱ्या दिवशी मंगलाबाईंनाच कार्ड सापडलं, तुमसरच्या हेडमास्तरांच्या कवितांत, बाविसाव्या पानावर.

'सा. न. वि. वि. आपले परीक्षण वाचले. मी त्या दिवशी नाटकात नव्हतो. माझी आई वारली. काम दुसऱ्याने केले. कृपा करून नाव दुरुस्त करावे, घरात फार वाईट झाले आहे.'

पहिली ओळ होती 'आपले परीक्षण वाचले'. श्यामरावांनी तेवढीच वाचली होती, हे त्यांना आता लख्ख आठवलं.

मंगलाबाईंनी कार्ड शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "अवो, तेवढी भिकार पुस्तकं तुम्ही शेवटपर्यंत वाचता. एक कार्ड तेवढं पुरं वाचवलं नाही तुम्हाला?"

श्यामराव खाली मान घालून बसले. उभ्या जन्मात त्यांना कुणी एवढं झोडपलं नव्हतं.

भैय्याजींकडं ते खुलासा घेऊन गेले तेव्हा भैय्याजींनी चष्मा कपाळावर चढवला. "नऊ वर्षांनी? निंबार्ते, कोनाले याद आहे? आपल्या सदराची इज्जत काय राहीन? तेरा वर्षांत एक दुरुस्ती नाही छापली आपन." मूळ परीक्षण पाहावं म्हटलं तर पंच्याहत्तरच्या फायली वाळवीनं खाल्लेल्या. पण श्यामराव हटून बसले. एक तर हे पहिल्या पानावर छापा, नाहीतर सदर आजपासून बंद, असं म्हणाले. भैय्याजी बडबडत राहिले आणि छापलं. चौकटीत, मोठ्या टायपात : धनीराम कुथे त्या दिवशी रंगमंचावर नव्हते, मरणाच्या दारात असलेल्या आईजवळ होते, नाव चुकलं, चूक माझी, मी त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागतो.

तो अंक घेऊन श्यामराव आंबागडला गेले. डोंगरावरच्या किल्ल्याखाली गाव, गावाच्या टोकाला घर. रत्नाबाईचा नवरा दादाजी घरीच होता, त्यानं बाज टाकून दिली. रत्नाबाई उंबऱ्यात उभी राहिली, भावासारखीच सडपातळ, लांब बोटांची. श्यामरावांनी चौकट वाचून दाखवली. 

तिनं शांतपणानं ऐकलं. "तवा तुमी तेथं होते ना?"

"होतो."

"पुरं पाह्यलं?"

"पुरं पाहिलं."

"अन् दवाखान्यात होते काय? माह्या मायपाशी तो होता, हे तुमी पाह्यलं?"

"नाही. ते गावच्या लोकांनी सांगितलं मला."

"मंग मी कोन्तं खरं मानू, सायेब? पाह्यलेलं का आयकलेलं? गाववाल्याइनं तं मलेबी सांगतलं होतं."

श्यामरावांना वाटलं, कुणी कानशिलात मारली. तेरा वर्षं ज्या ओळीवर मिरवलो ती ओळ एका अडाणी बाईनं उचलून आपल्याच पुढ्यात ठेवली. अंक घडी करून ते उठायला लागले. आता आयुष्यात पुन्हा लिहायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

रत्नाबाई आत गेली आणि एक कागद घेऊन बाहेर आली. पेटीत, मायच्या लुगड्याच्या घडीत ठेवलेलं कात्रण. पिवळं पडलेलं, पण सगळं.

"हे वाचा," ती म्हणाली आणि नवऱ्याकडं पाहिलं. "याइनं मले एकच ओळ वाचून दाखवली होती. पुढचं मीच नाही वाचू देल्लं. मले वाचता येत नाही. तुमी पाह्यलं ते सारं आयकू द्या एकदाचं."

श्यामरावांनी चष्मा लावला. ते वाक्य वाचणं फार कठीण गेलं. ते झाल्यावर पुढं गेले.

"'आई रंगमंचावर येते ती डावा पाय ओढत. पहिल्या अंकात ओढते, तिसऱ्यातही ओढते. आई लंगडी असल्याचं नाटककारानं कुठं म्हटलेलं नाही. हा अभिनयाचा कोणता प्रकार समजायचा? शिवाय दुसरं कुणी बोलत असलं की या आईचेही ओठ हलतात. सगळ्यांचे संवाद ती आधीच...'"

ते थांबले. सुपारीचं तबक घेऊन आंगणातून चालत येणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढं आला. त्यांनी मान वर केली. रत्नाबाईनं दाराची चौकट धरली होती.

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"हे तं इश्वरभाऊ होय," ती म्हणाली. "लहानपनी बंडीखाली पाय आला होता त्याचा. माह्या डोयापुढं." आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसली. "नऊ वर्सं माह्या पेटीत होतं हे. मायच्या लुगड्यात."

दादाजी उठून पाणी आणायला गेला, तर रिकामाच गडू घेऊन परत आला.   सगळं पाहिलं होतं श्यामरावांनी. पाय पाहिला, ओठ पाहिले, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. फक्त नाव पाहिलं नव्हतं, ते वाचलं होतं.

"एवढं सारं खरं लिवलं तुमी," रत्नाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच श्यामरावांना सोसेना. "मंग ते एक वाक्य कायले लिवलं?"

 चांगलं जमलं होतं म्हणून लिहिलं, हे त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि साकोलीवरून दिघोरीकडं जाणारी गाडी किती वाजता आहे ते नवऱ्याला विचारलं. श्यामरावांनी कात्रणाची घडी केली. हे फाडून टाकू का, असं त्यांनी चाचरत विचारलं. तिनं ते हातातून काढून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "भावालेच वाचून दाखवाले लावीन. त्यानंबी त्या ओळीच्या पुढं वाचलं नसन."